मीटर रूममध्ये बांगडे कोण भाजतंय? सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या फ्लॅटवाल्यांना खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी बाई, खजिनदार आणि ए-बी दोन्ही विंगमधल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

हे पत्र खरं तर नोटीस बोर्डावर लावणार होतो, पण आपल्या बोर्डाची काच आतून बुरशीने काळी झालीय आणि त्यातून अजून २०२३ च्या चवथीच्या वर्गणीची यादी डोकावते, तिथे लावून वाचणार कोण, म्हणून असं उघड लिहितोय. सोसायटीची अब्रू जाते वगैरे म्हणू नका, नाव कुठेच घातलेलं नाही, आणि फोंड्यातल्याच काय पण म्हापसा, मडगाव, पर्वरीतल्या कुठल्याही पंचवीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधल्या माणसाने वाचलं तरी त्याला आपल्याच जिन्यात उभं असल्यासारखं वाटेल.

गेल्या जुलैतली ती रात्र आठवा. अडीच वाजता मला जाग आली ती वासाने. सुके बांगडे कोणीतरी निखाऱ्यावर टाकलेत असा वास. आता जुलै म्हणजे मासेमारी बंदीचे दिवस, घराघरात सुक्या मासळीचे डबे उघडलेले, त्यामुळे बायको म्हणाली खालच्या वहिनींनी काहीतरी भाजलं असेल, झोपा. पण अडीच वाजता? आणि मी कुंडईला कारखान्यात मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढलीत, हा वास मला ओळखीचा आहे. स्विच, सॉकेट, कटआउट यांचं प्लास्टिक नि बेकेलाइट तापायला लागलं की बऱ्याचदा धूर दिसायच्या आधीच असा माशासारखा वास सुटतो. गोव्यात हे फार वाईट, कारण आपल्याला त्या वासाचं काहीच वाटत नाही, उलट भूक लागते.

खाली गेलो तर मीटर रूमच्या वरच्या कोपऱ्यातून, जिथे स्लॅबमधून वायरचे पाइप खाली येतात ना, त्या पाइपांतूनच पाण्याची बारीक धार पॅनलवर पडत होती. नळातून पडावी तशी. आतून चर्र चर्र आवाज आणि मधेच निळा उजेड. वॉचमन बिचारा बादली भरून घेऊन आला होता, हात मागे नेलेला, आता फेकणार, मी वरच्या पायरीवरून इतक्या जोरात ओरडलो की तो बादलीसकट खाली बसला. जिन्यातला आग विझवायचा सिलिंडर काढला तर काटा लाल पट्ट्यात, लेबलावर रिफिलची तारीख २०१९, आणि नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, तेही नीट लिंपलेलं. मेन स्विच कुठे, तर दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या लोखंडी सांगाड्याच्या मागे, त्याच्या पुढे कोणाचं तरी जुनं कपाट, त्यावर दोन सायकली. तसाही ओल्या पॅनलला मी हात लावणार नव्हतो, पण तिथपर्यंत पोचताच येत नाही हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

१०१ ला फोन केला, वीज खात्याला केला. लाइनमनने येऊन बाहेरून सप्लाय तोडला तेव्हा पॅनल वीसेक मिनिटं धुमसत होतं. बंबसुद्धा वेळेत आला हो, पण गेटच्या आत येऊ शकला नाही, कारण आतल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या. जवान हातात सिलिंडर घेऊन पळत आत आले. सात मीटर जळाले, माणूस कोणी गेला नाही. नशीब, दुसरं काही नाही.

सकाळी शोध लागला तो चौथ्या मजल्यावर. वर्षभर बंद असणारा फ्लॅट, मालक गोव्याबाहेर, डिसेंबरात पंधरा दिवस येतात. त्यांच्या बाल्कनीच्या न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या भोकात, कबुतरांनी काटक्या भरलेल्या, पावसाचं पाणी साठत साठत उंबऱ्यावरून आत हॉलमध्ये, तिथून फरशीतल्या वायरिंगच्या पाइपात, आणि पाइप म्हणजे शेवटी पाइपच, वायर असो की नसो, पाणी त्यातून चार मजले उतरून सरळ मीटरवर. किल्ली कोणाकडेच नव्हती. मालकांचा फोन अकरा वाजेपर्यंत बंद. म्हणजे लाइट नसताना आठ तास पाणी गळतंय आणि आपण सगळे बंद दाराबाहेर उभे, हे मी विसरलेलो नाही.

आता मूळ मुद्दा. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये तुम्ही काय केलं? टेरेसचं वॉटरप्रूफिंग हा विषय नंबर चार, आणि आगीचं काय ते 'इतर विषय' मध्ये, शेवटी, जेव्हा अर्धे लोक उठून गेले होते. विषय चारवर ठरलं, चवथीनंतर बघू. इतर विषयांत ठरलं, सर्वांनी काळजी घ्यावी. दोन्ही वेगवेगळे विषय आहेत असं समजून चाललात इथेच सगळं चुकतं. आपल्या बिल्डिंगला आग लागणार ती बाहेरून येऊन कोणी लावणार नाही, ती पाण्यातून येणार, वायरी-पाइप वर नेणाऱ्या त्याच डक्टमधून, त्याच ओल्या भिंतीतून, त्याच पाइपातून. गळतीचं काम पुढे ढकललं की आगीचं कामही ढकललं, फक्त ते मिनिट्समध्ये लिहिलं जात नाही.

टेरेसचा हिशोब एकदा करू. गोव्यात मोसमात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे आत थोडा जास्तच. आपल्या एका विंगची टेरेस धरा ३०० चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात एका टेरेसवर ९ लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे नव्वद टँकर. हे सगळं चार रेनवॉटर पाइपांतून खाली जायचंय, त्यातल्या एकाच्या तोंडावर जाळी नाही, एकात टेनिसचा बॉल आहे (मी बघितलाय, हिरवा) आणि एक पाइप कोणीतरी पार्किंगमध्ये कारला लागतो म्हणून तिरका करून ठेवलाय. मग पाणी जाणार कुठे, ते थांबणार, आणि थांबलेलं पाणी वाट शोधतं. डिशच्या स्टँडसाठी नि सोलर हीटरसाठी ब्रिकबॅट कोब्यात (टेरेसवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफ थरात) ड्रिल मारून जी भोकं पाडली तीच त्याची वाट. केबलवाला भोक पाडून गेला, वर थोडं सिमेंट फासलं, झालं.

तुम्ही म्हणाल आपण पत्रे घालू, सगळेच घालतात. घाला की, गोव्याच्या पावसाला पत्र्याचं छप्पर हा उपाय वाईट नाही, मीच मत दिलं होतं. पण बाजूच्या सोसायटीने घातले ते जाऊन बघा. सगळ्या छपराचं पाणी एका पन्हळीतून त्याच जुन्या चार इंची पाइपात सोडलंय, जोराची सर आली की पन्हळ भरून भिंतीवरून पाणी ओघळतं, आणि पत्र्याखाली कोरडी जागा मिळाली म्हणून लोकांनी गाद्या, खोकी, रंगाचे डबे, जुने सोफे नेऊन ठेवलेत. म्हणजे पाणी थांबवायला छप्पर घातलं आणि त्याखाली सरपण रचलं. आपण घालू तेव्हा ठरावातच लिहा की खाली काही ठेवायचं नाही, आणि पन्हळ-पाइप किती लागतील ते इंजिनियरकडून काढून घ्या, पत्रेवाल्याकडून नको, त्याला काय, पत्रा विकायचाय.

स्लॅबचं तर बोलायलाच नको. बी विंगच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर छताचा पापुद्रा पडून सळ्या दिसतात. लोक म्हणतात प्लास्टर पडलं. प्लास्टर नाही पडलं, आतली सळई गंजली, लोखंड गंजलं की मूळच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट आणि त्याहून जास्त जागा खातं, मग ते काँक्रीट फोडून बाहेर येतं. त्यावर पुट्टी मारून रंग दिला म्हणजे पुढच्या वर्षी तो तुकडा कोणाच्या तरी डोक्यात पडेल, रंगासकट. नवीन बिल्डिंगवाल्यांना निदान रेरामुळे, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यामुळे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषासाठी बिल्डरला धरता येतं, आपली बिल्डिंग १९९८ ची, आपल्याला धरायला फक्त आपलाच सिंकिंग फंड, मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला. तो तरी कशाला ठेवलाय? गेल्या वर्षी गेटची कमान झाली त्यातून. सुंदर आहे कमान. बंबाला अजून अरुंद झालं तेवढंच.

आता वायरिंग. ज्या वर्षी आपण राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये एकच एसी होता, डॉक्टरांकडे. परवा खाली उभा राहून मोजले, सतरा. गिझर प्रत्येकाकडे, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, आणि वायरी त्याच १९९८ च्या. दिवे-पंख्यांसाठी घातलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी चालवतात, चारची लागते तिथे. वायरीतून करंट दुप्पट गेला की उष्णता दुप्पट नाही होत, चौपट होते, हे शाळेत शिकलेलो आपण सगळे. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडायला लागला की इलेक्ट्रिशियनला बोलावून सोळा अँपिअरच्या जागी बत्तीसचा बसवून घेतात, 'आता पडत नाही' म्हणून खूश. अहो तो पडत होता म्हणून घर शाबूत होतं.

आणि सगळ्यात कहर म्हणजे आरसीसीबी, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो तो. नाव घेत नाही पण चार फ्लॅटमध्ये तो बायपास केलेला मी स्वतः बघितलाय. का, तर पावसात सारखा ट्रिप होतो. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअर करंट कुठे बाहेर गळला तर सप्लाय तोडतो, म्हणजे पावसात तो ट्रिप होतोय याचा अर्थ तुमच्या भिंतीत ओल आहे आणि ओलीतून वीज गळतेय. तो तुम्हाला कळवळून सांगतोय आणि तुम्ही त्याचं तोंड दाबता. भिंत दुरुस्त करा ना. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला तर चांगला आहे, नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे, आजच बदला.

इलेक्ट्रिक स्कूटर. तीन आहेत आता, वाढणारच, माझा मुलगासुद्धा घेतोय, त्यामुळे मी विरोधात नाही. पण पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेंशन बोर्ड दोरीने खाली सोडून, पावसाच्या झडीत, रात्रभर, जिन्याच्या तोंडाशी चार्जिंग, हे काय आहे? २०२२ मध्ये देशभर स्कूटरी पेटल्या त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, नव्या गाड्या बऱ्या आहेत, पण लिथियम बॅटरी एकदा आतून तापत गेली की ती सहज विझत नाही, विझल्यासारखी दिसून परत पेटते, आणि तिचा धूर विषारी. ती जिन्याच्या तोंडाशी पेटली तर वरची वीस कुटुंबं उतरणार कुठून? पार्किंगच्या मागच्या भिंतीला, जिन्यापासून लांब, स्वतंत्र मीटर, वेगळा एमसीबी-आरसीसीबी, वर शेड, एवढं करून द्या, खर्च वापरणाऱ्यांवर टाका, मी पहिला देईन.

धुराचं लोकांच्या लक्षात येत नाही. ज्वाळेची भीती वाटते, पण माणूस मरतो धुराने. २०२५ च्या डिसेंबरात हडफडेच्या नाईटक्लबला आग लागून २५ जण गेले, त्यातले बरेचसे कामगार तळघरात अडकून गुदमरले. आपण आठ दिवस टीव्हीवर बघितलं, परवाने कोणी दिले यावर चहाच्या गाड्यावर भांडलो, आणि घरी येताना कोणी आपल्या टेरेसच्या दाराला कुलूप आहे का ते बघितलं नाही. आहे. किल्ली सेक्रेटरी बाईंकडे, आणि त्या शनिवार-रविवार गावी असतात. आपला जिना म्हणजे धुराची चिमणी आहे, डक्टची दारं फळीची आणि प्रत्येक मजल्यावर वायरींभोवतीची भोकं उघडी, खालचा धूर दोन मिनिटांत वर. ती भोकं आगरोधक मसाल्याने बुजवून घ्यायचं काम टेरेसच्या कामापुढे काहीच नाही, आणि त्याने पाणीही अडतं. एका कामात दोन्ही. टेरेसला कुलूप हवंच असेल, पोरं जातात म्हणून, तर आतून हाताने उघडणारी कडी बसवा. बाल्कन्यांना सगळ्यांनी ग्रिल मारलेत, माझ्यासकट, त्यात एक खिडकी उघडणारी ठेवा, हे मीही अजून केलेलं नाही, या महिन्यात करतोय.

१५ मीटरच्या वरच्या इमारतींना हायराइज धरतात, आपली त्याच्या आत, त्यामुळे हायड्रंट-स्प्रिंकलर, म्हणजे आगीसाठीचे पाण्याचे नळ नि छतातले फवारे, आपल्याकडे नाहीत. बंब येईपर्यंत आपल्या हाती जिन्यातले दोन लाल सिलिंडर. ते दर वर्षी तपासून घ्या, प्रत्येक मजल्यावर एक एबीसी पावडरचा ठेवा, मीटर रूमच्या बाहेर सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) ठेवा. बाहेर, आत नाही, आत ठेवला तर पेटल्यावर आणायला कोण जाणार. सीओटूला काटा नसतो, तो वजन करून बघतात, तेव्हा 'काटा कुठाय' म्हणून त्या माणसाशी भांडू नका. कारखान्यात आमची वर्षातून दोनदा ड्रिल व्हायची, पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, इकडून तिकडे फिरवा, माझ्या हाताला सवय आहे. इथे मी सोडून कोणाला पिन कुठे असते माहीत आहे? १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट झाला तेव्हा गेलेल्या जवानांच्या आठवणीत. या आठवड्यातच फायर स्टेशनला अर्ज द्या, येऊन दाखवा म्हणून, मी अर्ज लिहून ठेवलाय, सहीच हवी.

आपले सणसुद्धा. चवथीला अर्धी बिल्डिंग मूळ घरी जाते, पाच-सात दिवस कुलूप, निघायच्या घाईत देवापुढची समई तेवत ठेवून जातात, गॅस रेग्युलेटर चालू, आणि भर पावसाचे दिवस. समई विझवून जा, देव रागवत नाही, तो तुमच्याबरोबर गावीच येतो. गॅस बंद, वॉशिंग मशीनचा नळ बंद, बाल्कनीची जाळी साफ, गिझर-एसीचे स्विच बंद, पाच मिनिटांचं काम. गॅसचा केशरी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, त्यावर तारीख छापलेली असते, आत्ता उठून बघा. आणि नरकासुर. पोरांचा उत्साह मला मान्य आहे, मी पण केलेत, पण आत गवत, कागद आणि फटाके भरलेला पंधरा फुटी पुतळा पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे उभा करायचा आणि पहाटे तिथेच पेटवायचा? मैदानात न्या. सांगाडा मीटर रूममध्ये ठेवायचा नाही, हे या वर्षी मी होऊ देणार नाही, पोरांनो वाईट वाटलं तर वाटू दे.

विम्याचं थोडक्यात. पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त असाल तर कागद वाचा. भारत गृह रक्षा नावाची घरांसाठीची जी ठरावीक पॉलिसी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळते, तिच्यात आग, वीज पडणं, पूर, टाकी-पाइप फुटणं हे येतं, पण वर्षानुवर्षं मुरलेली ओल नि झीज येत नाही. मग पॅनल जळाल्यावर सर्व्हेअर विचारणार, पाणी किती दिवस गळत होतं, आणि मिनिट्समध्ये आपणच लिहून ठेवलंय, विषय क्रमांक चार, तीन वर्षं.

बंद फ्लॅटवाल्यांनो, तुमच्याशी वैर नाही. तुम्ही दिल्लीत असा की दुबईत, फ्लॅट तुमचा आहे पण पाणी आमच्या डोक्यावर पडतं. एक किल्ली पाकिटात घालून, पाकिटावर सही करून, कमिटीच्या कपाटात ठेवा, उघडायची वेळ आली तर दोन मेंबर आणि व्हिडिओ कॉल. मे संपायच्या आत कोणाकडून तरी बाल्कनी झाडून घ्या. नाही जमत तर सोसायटीला दोनशे रुपये द्या, आम्ही झाडतो.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला मी टेरेसवर जातोय. झाडू, बांबू आणि दोन बादल्या माझ्याकडे आहेत, चारही पाइपांत पाणी ओतून खाली किती येतं ते बघायचंय, खाली उभं राहायला एकेक माणूस हवा, म्हणजे चार. टेनिस बॉल ज्याचा असेल त्याने येऊन घेऊन जावा. त्यानंतर मीटर रूममधलं कपाट बाहेर काढणार, ज्याचं आहे त्याने शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर ते गेटच्या कमानीखाली ठेवलेलं सापडेल.

सेक्रेटरी बाई, टेरेसची किल्ली तेवढी शनिवारी जायच्या आधी वॉचमनकडे द्या.

आपला,
बी विंग, दुसरा मजला